सेव्हनवरचा दादा

आमच्या दुकानातला कॉम्प्युटर मी दोन वर्षं बंद केला नाही. शटर ओढायच्या आधी फक्त स्क्रीन बंद करायची, टेबलाखालचा सीपीयू तसाच घुरघुरत ठेवायचा आणि घरी निघायचं. वीज जाईल या भीतीने दुकानाच्या मानाने फारच मोठा इन्व्हर्टर बसवून घेतला. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, एवढं तर लोक आयसीयूतल्या पेशंटला पण जपत नाहीत." एरवी मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाही, पण हे वर्मी लागलं.

दुकान डोंबिवली पश्चिमेला, कोपरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. लग्नपत्रिका, हळदीची कार्डं, बारसं, गृहप्रवेश, आणि माणूस गेल्यानंतरच्याही पत्रिका. दुकान दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. तो डिझाइन करायचा, मी टायपिंग. लग्न करून मी कल्याणला गेले तरी हे काम सुटलं नाही. नवरा म्हणायचा, तू सासरी फक्त झोपायला येतेस. गाळा एवढा अरुंद की टेबल एकच, कॉम्प्युटर एकच आणि खुर्च्या दोन. दिवसभर आम्ही बहीणभाऊ एकमेकांना "सरक" म्हणत काम करायचो.

त्या कॉम्प्युटरवर सिस्टीम होती विंडोज सेव्हन. तिच्या आधी एक्सपी होती, आणि ती सोडतानाही दादाने महिनाभर तोंड पाडलं होतं. सेव्हनवर मात्र त्याचा जीव जडला. पुढे एट आली, तिच्याकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. टेन फुकट मिळत होती तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या सगळ्यांनी घेतली, हा नाही म्हणाला. "फुकट देतायत म्हणजे कुठेतरी वसूल करणार," हे त्याचं तत्त्वज्ञान. खरं कारण वेगळं होतं. आमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं, त्याचे फॉन्ट जुने, आणि ते सेव्हनच्या पुढे चालत नव्हतं. नव्या सिस्टीमवर आमची पत्रिका उघडली की वधूवरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची. दादा ते बघून असा चिडायचा की जणू त्याच्याच नावाची कुणी थट्टा केली. "आपल्याच माणसांची नावं वाचता येत नाहीत, असली सिस्टीम घेऊन करायचं काय?" तो म्हणायचा.

मग तो गेला. घरी, सकाळी दाढी करताना. पन्नाशी जेमतेम ओलांडली होती. याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. लिहायला बसले की राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

दुकान परत उघडलं तेव्हा लगीनसराई तोंडावर आली होती. आता पुढचं कळायला आमच्या सॉफ्टवेअरमधली एक सोय सांगायला हवी. दोन-तीन अक्षरं टाइप करून स्पेस दाबला, की त्यांच्या जागी आपण आधी ठरवून ठेवलेला अख्खा मजकूर उमटायचा. पत्रिकांत तेच तेच लिहावं लागतं, म्हणून ही सोय. दादा त्यासाठी एकच अक्षर दोनदा घ्यायचा, म्हणजे दुसऱ्या कुठल्या शब्दात ते चुकून यायला नको. "मम" केलं की "मंगल परिणय". "सस" केलं की "सहकुटुंब सहपरिवार". "घघ" केलं की आमच्या स्वतःच्या घरातल्या कार्यासाठी निमंत्रकांची नावं, आणि त्यात सगळ्यात वर, जरा मोठ्या टाइपात, तो. "मोठा मी आहे, तर टाइपही मोठाच," म्हणायचा.

हीच सोय तो माझी खेचायलाही वापरायचा. घाईत माझ्या हातून "लग्न"चं "लग्म" होतं. त्याने "लग्म"लाच मजकूर लावून ठेवला होता. तर त्या दिवशी, तो गेल्यानंतरची पहिलीच पत्रिका करताना, मी नेहमीसारखी चुकले, स्पेस दाबला आणि स्क्रीनवर आलं, "चष्मा लाव गं बाई."

समोर गिऱ्हाईक बसलं होतं, मुलीचे आईवडील. मी त्यांना म्हटलं, पाणी घेऊन येते, आणि मागच्या बोळात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. रडू आलं नाही. भीती वाटली. त्याचा आवाज मी ऐकला होता, शेजारच्या खुर्चीतून, आणि तोही वैतागलेला.

त्यानंतर मला नादच लागला, आणि मशीन बंद करणंही मी सोडलं. दुपारी कुणी नसलं की मी एकेक अक्षर दोनदा दाबून बघायची. बाराखडीतलं एकही सोडलं नाही. बहुतेक ठिकाणी काहीच नव्हतं, दोन अक्षरं तशीच उभी राहायची. काही ठिकाणी पत्रिकेचा रोजचा मजकूर निघायचा. आणि मध्येच कुठेतरी तो निघायचा. बाहेर जाताना निरोप कागदावर न लिहिता स्क्रीनवर मोठ्या टाइपात ठेवून जायची त्याची सवय होती, आणि रोजचे निरोप परत परत कोण टाइप करणार, म्हणून तेही त्याने असेच भरून ठेवले होते. "चच"वर निघालं, "दोन चहा सांग. माझ्यात साखर घालायला सांग. तुझ्या वहिनीला बोलू नकोस." "पप"वर निघालं, "प्रेसवर चाललोय. दुपारपर्यंत येतो. जेवून घे."

आमच्या पत्रिका ठाण्याला बाळकुमच्या एका प्रेसमध्ये छापून घ्यायचो, त्यामुळे हा निरोप मी आयुष्यात इतक्यांदा वाचला होता की त्याकडे लक्षही जायचं नाही. त्या दिवशी मात्र मी डबा उघडून जेवले, ताट धुतलं आणि दुपारभर रस्त्याकडे बघत बसले. हे वेड्यासारखं आहे हे मला कळत होतं. कळत असूनही बसले. साडेतीनच्या सुमारास एक माणूस तशाच चालीने येताना दिसला आणि मी उठून उभी राहिले. तो पुढे दूधवाल्याकडे गेला.

"लग्म"सारख्या भलत्याच अक्षरांवर आणखी किती निरोप आत असतील ते कळायला मार्ग नव्हता. त्यांची यादी बघायला पासवर्ड लागायचा आणि तो दादाने कुणाला सांगितला नव्हता.

इकडे दुकान बसायला लागलं. गिऱ्हाइकं सगळा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू लागली आणि तो आमच्या जुन्या फॉन्टमध्ये उतरत नव्हता, परत सगळं टाइप करावं लागायचं. बँकेची साइट उघडेना, जीएसटीची उघडेना, दोन्ही एकच सांगायच्या, तुमची सिस्टीम जुनी आहे. बाळकुमचा प्रेसवाला तर दरवेळी कुरकुरायचा. आसपासचं गाव जाऊन टॉवर उभे राहिले तसा त्याचाही गाळा नवा झाला, मशिनं नवी आली. एक दिवस त्याने फोनवर स्वच्छ सांगितलं, "मॅडम, जुन्या फॉन्टचं काम आता नका पाठवू. दादा होते म्हणून इतकी वर्षं चालवून घेतलं."

मी आमच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो दिवा गावाहून येतो, तिथे नळाला पाणी रोज येत नाही. उशिरा आला आणि म्हणाला, "सॉरी ताई, आज पाणी आलेलं. भरून आलो." मग त्याने सीपीयू उघडला, कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याच्यावर इलेव्हन चढणारच नाही. टेन चढेल, पण सगळं पुसून टाकावं लागेल, आणि टेनचे अपडेट पण आता बंद झाले. त्यापेक्षा नवीन मशीनच घ्या ना."

"आणि हे?"

"हे काय करणार ठेवून? तुमच्याकडे दुसऱ्या टेबलाला जागा कुठंय?" मग माझा चेहरा बघून जरा खालच्या आवाजात म्हणाला, "डिस्क जायला आलीय ताई. चालतेय तोपर्यंत चालतेय. शक्यतो बंद नका करू. आणि हलवू तर नकाच."

मी त्याला कॉपी काढायला लावली. जुन्या पत्रिका निघाल्या. दादाने भरलेले ते मजकूर निघाले नाहीत. ते सॉफ्टवेअरच्या पोटात होते आणि त्या एका डिस्कवरच चालत होते. म्हणजे मला सरळ दोनच गोष्टींतून निवडायचं होतं. नवी सिस्टीम घेतली तर दुकान राहील आणि दादा जाईल. जुनी ठेवली तर दादा राहील, तोही डिस्क असेपर्यंत, आणि दुकान बंद पडेल. कुठलाही शहाणा माणूस काय करेल ते मला समजत होतं. मी मोठा इन्व्हर्टर घेतला.

अशात भाचीचं लग्न ठरलं. दादाची एकुलती एक मुलगी. पत्रिका दुसरीकडे करायचा प्रश्नच नव्हता, आणि मी ती सेव्हनवरच करायला बसले.

आमचं घर बौद्ध. इतरांच्या पत्रिकेत गेलेल्या माणसाच्या नावाआधी "कै." असतं, एक अक्षर आणि एक टिंब, नजरेतून निसटून जातं. आमच्यात "कालकथित" लिहितात. अख्खा शब्द, वाचताना थांबायला लावणारा. कितीतरी घरांसाठी मी तो टाइप केला होता. दादाच्या नावाआधी कधीच नाही. तो गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका प्रेसवाल्याने परस्पर केली होती, तेव्हा मी मशीनला हात लावायच्या अवस्थेत नव्हते. आता मी "घघ" दाबलं आणि निमंत्रकांची यादी उमटली. वर तो, मोठ्या टाइपात, "श्री." लावलेला. खाली वहिनी, खाली मी. मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं. मला फक्त "श्री." काढून तिथे तो शब्द घालायचा होता, आणि बोटं चालेनात.

तेवढ्यात वहिनी आणि भाची प्रूफ बघायला आल्या. वहिनी बालवाडीत शिकवते. दादा गेल्यापासून तिने दुकानाची पायरी चढली नव्हती. आत आल्यावर ती उभीच राहिली, मग दादाच्या खुर्चीच्या कडेवर टेकली.

आमच्याकडे एक पद्धत आहे, दादाने घातलेली. प्रूफ नुसतं दाखवायचं नाही. मोठ्याने वाचायचं आणि घरातल्या मोठ्या माणसाने डोळे मिटून ऐकायचं. डोळे चुका माफ करतात, कान करत नाहीत, असं त्याचं म्हणणं. वहिनीने डोळे मिटले. मी वाचत गेले. मंगल परिणय, मुलीचं नाव, मुलाचं नाव, कल्याण पूर्वेचा हॉल. मग निमंत्रक. दादाचं नाव मी वाचलं, श्री लावून, जसं समोर होतं तसं.



"परत वाच," वहिनी म्हणाली. डोळे मिटलेलेच.

मी वाचलं.

"परत."

तिसऱ्यांदा वाचताना माझा आवाज फुटला. भाची म्हणाली, "आत्या, बाबांच्या नावाच्या आधी ते... राहिलंय."

"असू दे," वहिनी म्हणाली.

"अगं आई, असं कसं असू दे? सासरचे काय म्हणतील?"

"पत्रिका कोण वाचतं गं? हॉल कुठे आणि जेवायला किती वाजता, एवढंच बघतात लोक."

भाचीने माझ्याकडे बघितलं. या धंद्यातली बाई मी, मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "मशीनमधून तसंच आलंय."

"मग मशीनला माहीत असेल," वहिनी म्हणाली आणि उठली.

प्रेसवाल्याच्या पाया पडायचं बाकी ठेवलं, शेवटची एवढी एक म्हणून त्याने छापली. आणि वहिनीचं म्हणणं खरं ठरलं. सासरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत कुणाच्या काही लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर बोलले नाहीत.

एकाच माणसाने पत्रिका नीट वाचली. दिव्याच्या पलीकडच्या गावातले एक आगरी गृहस्थ, आमचं फार जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या घरातली झाडून सगळी हळदीची कार्डं दादाने केलेली. मधली काही वर्षं ते इकडे फिरकले नव्हते, त्यांना काही माहीत नव्हतं. पांढराशुभ्र शर्ट घालून ते हॉलच्या दाराशी आले. वहिनी आणि मी पाहुण्यांना फुलांच्या पाकळ्या वाटत उभ्या होतो.

"वयनी, दादूस कुठं हाय? दिसला नाय तो."

मी पुढे व्हायच्या आत वहिनी म्हणाली, "दुकानात आहेत. सीझन आहे ना. सोडून येता येत नाही त्यांना."

"पोरीच्या लग्नाला पन नाय?" ते मोठ्याने हसले. "कामाचा किडा हाय नुसता. सांगा त्याला, मी आयलेलो."

"सांगते ना. जेवून जा हं."

तिचा आवाज जराही हलला नाही. पुढच्या पाहुण्याच्या ओंजळीत तिने पाकळ्या घातल्या. माझ्या हातातल्या मात्र खाली सांडल्या. आजवर मला वाटत होतं की हे वेड माझं एकटीचं आहे, दुकानापुरतं, शटरच्या आत राहणारं. त्या दाराशी कळलं की ते केव्हाच बाहेर पडून घरी पोचलं होतं. मला तिची इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि इतकं प्रेमही नाही.

लग्नानंतर घर रिकामं झालं आणि वहिनी रोज दुकानात येऊ लागली. बालवाडी सुटली की यायची, दादाच्या खुर्चीत बसायची. मी तिला ते सगळं सांगितलं, दाखवलंही. "पप" केलं. "दुपारपर्यंत येतो" ही ओळ तिने बराच वेळ वाचली.

"हे तुला लिहिलंय."

"हो."

मग "चच" केलं. साखरेचं वाचून ती उसळलीच. "म्हणजे चोरून साखर घालून प्यायचा? आणि घरी कारल्याचा रस मागायचा माझ्याकडे!" दोन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसावर ती दिवसभर धुमसत होती. संध्याकाळी जाताना म्हणाली, "मला काय लिहिलंय?"

"तू कधी मशीनवर बसलीस? तुला इथे कशाला लिहील तो?"

तिला ते आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी आली ती ठरवूनच. "तुला नवीन घ्यायचंच आहे ना? मग घे. हे मला दे. मी घरी शोधते."

हलवलं तर काय होईल ते मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, आमचं कोपरचं घर काय लांब आहे, रिक्षात मांडीवर घेऊन जाईन. मी नाही म्हटलं. मग आमचं जुंपलं, झेरॉक्सवाला डोकावून गेला इतकं. मी म्हटलं, माझा भाऊ आहे तो. ती म्हणाली, माझा कोण होता मग? आणि नंतर अगदी शांतपणे म्हणाली, "तुला दोन वर्षं मिळाली. मला एक ओळ पण नाही."

मी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

दिव्याचा तो कॉम्प्युटरवाला आला आणि त्याने मशीन बंद केलं. घुरघुर थांबली. गाळा एवढा शांत झाला की मला एकदम कळलं, इतके दिवस मी कशाच्या सोबतीने बसत होते. वहिनीने सीपीयू चादरीत गुंडाळला, रिक्षात मांडीवर घेतला आणि दर खड्ड्याला रिक्षावाल्याला "हळू रे बाबा" म्हणत कोपरला नेला. घरी तिने टीव्हीचं टेबल रिकामं करून ठेवलं होतं, त्यावर नवा टेबलक्लॉथ. कॉम्प्युटरवाल्याने वायरी जोडल्या, बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीतली एक पांढरी ओळ आली आणि तिथेच थांबली. त्याने परत दाबलं. परत तेच. मग त्याने मला डोळ्याने खुणावलं आणि आम्ही बाहेर गॅलरीत आलो.

"गेली ताई."

"काहीच नाही निघणार?"

"नाही. सांगितलेलं ना तुम्हाला."

आतून वहिनीने विचारलं, "होतंय ना चालू?"

मी कठडा धरून उभी होते. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. दादा दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी मी समोर होते. पण रडायला वेळ नव्हता. मी कॉम्प्युटरवाल्याला विचारलं, "दुसरी डिस्क घालून परत सेव्हनच टाकता येईल? आपलंच सॉफ्टवेअर?"

"येईल. सीडी आहे ना दुकानात. पण आत काही नसणार."

"असू दे. वहिनीला काही बोलायचं नाही."

तो म्हणाला, "ठीक आहे." वहिनीला आम्ही सांगितलं, वायर खराब आहे, दोन दिवस लागतील.

त्या दोन दिवसांत त्याने नवी डिस्क घालून सगळं पहिल्यासारखं केलं. स्क्रीनवरचा तोच फोटो, त्याच जुन्या पत्रिका. मग मी एकटी बसले आणि मला पाठ होतं ते आत भरलं. मम, सस, घघ. माझं "लग्म". चच आणि पप. दादाचे शब्द मी माझ्या हाताने टाइप करत होते, त्याच्याच थाटात, पूर्णविरामानंतर मोठी जागा सोडून. "दुपारपर्यंत येतो" लिहिताना खोटं बोलतेय असं वाटलं नाही. त्याच्या खुर्चीत बसून त्याच्या तोंडून बोलतेय असं वाटलं, आणि ते जास्त वाईट होतं. या सहा गोष्टींपलीकडे त्या डिस्कवर काही नाही. हे मी खात्रीने सांगते, कारण भरणारी मीच.

मशीन घरी गेल्यावर वहिनीने आधी "पप" करून बघितलं. निरोप उमटला. तिने स्क्रीनवरून हात फिरवला आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.

दुकानात इलेव्हन आलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर फार चांगलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर जसाच्या तसा उतरतो, प्रेसवाला खूश आहे, बँकेची साइट उघडते. मधूनच अपडेट म्हणून स्वतःहून बंद पडतं, तेव्हा मी त्याला अशा शिव्या घालते की झेरॉक्सवाल्याने आवाज कमी करायची विनंती केली आहे. लगीनसराई बरी चालली. वाटलं, सुटलो सगळे.

परवा दुपारी वहिनीचा फोन आला. ती हसत होती. दादा गेल्यापासून तिचं तसं हसणं मी ऐकलं नव्हतं.

"अगं, सापडलं!"

"काय सापडलं?"

"माझं. मला लिहिलेलं."

"काय लिहिलंय?"

"तुला कशाला सांगू? तू दोन वर्षं तुझं तुझं वाचत होतीस, मी काही विचारलं का?"

"वहिनी, कुठली अक्षरं दाबलीस?"

"अअ. आणि मग स्पेस. तूच शिकवलंस ना?"

ती आणखी बोलत होती, भाचीबद्दल, संध्याकाळी येतेस का म्हणून. मी हो-हो म्हणत राहिले. भाची माहेरी आली होती तेव्हा तिने आईसाठी काहीतरी भरून ठेवलं असेल, असं मनात आलं. पण तिला ते कसं भरतात हे ठाऊकच नाही. वहिनीने स्वतः रचून सांगितलं असेल, असंही मनात आलं. पण हॉलच्या दाराशी ती खोटं बोलली तो आवाज मी ऐकला आहे, सपाट होता तो. फोनवरचा तसा नव्हता. अअ मी जुन्या डिस्कवर सगळ्यात आधी करून बघितलं होतं आणि तिथे काही नव्हतं. नव्या डिस्कवर तर काही असायचा प्रश्नच नाही. मला तिचा हेवा वाटला.

फोन ठेवून मी इलेव्हनवर कोरं पान उघडलं आणि अअ टाइप केलं. यात ती जुनी सोय नाही, हे मला नीट माहीत आहे. अंगठा स्पेसवर ठेवला. काही उमटलं तर काय, याची भीती वाटली, आणि काहीच उमटलं नाही तर, याची त्याहून जास्त. दारात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, "ताई, पत्रिका करायची होती" म्हणालं. मी त्यांना बसा म्हटलं, पण अंगठा काही मला दाबता आला नाही.